वाचन मोजायला गेलेली माणसं

लहान पोरांना वाचता येतं का, हे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या कामात निष्कर्ष एखादाच निघतो, किस्से मात्र पोतंभर. निष्कर्ष कुणी वाचत नाही. किस्से ऐकायला लोक चहाला बोलावतात. आता हे फुलंब्रीकडचेच घ्या. तिथं एका गावात रफियाबाई दुसरीच्या पोरांचा जादा वाचनवर्ग घ्यायच्या. आमच्या चाचणीत पोरांना वाचता आलं तर वर्ग चालू, नाहीतर कायमचा बंद.

* * *

चाचणी बनवली आमच्या पीएचडीवाल्या डॉक्टरसाहेबांनी, शहरातल्या छावणी भागातल्या ऑफिसात, एसी लावून. पहिला नियम असा की तपासणाऱ्यानं चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, मान हलवायची नाही. आमच्या शहागंजच्या सलीमभाईंनी हे इतकं मनावर घेतलं की समोरच्या पोरानं भोकाड पसरलं. आई धावत आली.

"काय बोलले हो तुम्ही त्याला?"

"कुछ नहीं बोला, ताई. वही तो रूल है."

* * *

दुसरा नियम, पोराला एकट्याला तपासायचं. आता गावात कुणी एकटं असतं का? ओट्यावर बसलो की निम्मं गाव भोवती. एका पोराला चित्र दाखवलं, तर मागून त्याचा आजाच म्हणाला, "शेळी."

"आजोबा, तुम्ही नका सांगू. त्याचे गुण कापावे लागतील."

"कापा की. शेळीला शेळी म्हणायचं नाय व्हय?"

* * *

तुलनेसाठी आसपासच्या शाळाही घेतल्या होत्या. एका शाळेत एक चुणचुणीत पोरगं धडाधड वाचत सुटलं. मला चेहरा ओळखीचा वाटला.

"काय रे, काल तू पलीकडच्या शाळेत होतास ना?"

"व्हय सर. उद्या वरच्या वस्तीवर हाय."

साहेबांनी त्या दोन्ही शाळांचं तोंडभरून कौतुक केलं. रफियाबाईंना असलं काही सुचलंच नाही, आणि मला त्याचाच राग येत होता.

* * *

त्यांच्या वर्गावर साहेब स्वतः आले. एका खोलीत दोन इयत्ता भरायच्या. एका इयत्तेचा आवाज शेजारच्या इयत्तेला नको, म्हणून बाईंनी पोरांना मनातल्या मनात वाचायला लावलेलं. नसरीन नावाची पोरगी उतारा घेऊन बसली. डोळे ओळीवरून सरकत होते. उताऱ्यातल्या बोक्याची फजिती होते तिथं ती खुदकन हसलीसुद्धा.

"मोठ्यानं वाच," साहेब म्हणाले.

"वर्गात मोठ्यानं नसतं वाचायचं," ती हळूच म्हणाली.

वेळ संपली.

"सर, तिला वाचता येतंय. दिसतंय की," मी म्हटलं.

"दिसण्याला गुण नाहीत." साहेबांनी कागदावर ठळक अक्षरांत शेरा मारला: वाचता येत नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं. बाईंचा चेहरा उतरला. गेला वर्ग.

नसरीननं मान वाकडी करून शेरा आणि त्याखालचं नाव पाहिलं. मग बराच वेळ साहेबांकडं पाहिलं, आणि बाईंच्या कानाशी जाऊन सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, या सरांना वाचता येत नाय. आपल्या वर्गात बसू द्या ना त्यांना."