भाऊजींचं जर्मन आणि आब्लाचा भाऊ

माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे त्याला उघड्या अंगानं बाजारात उभं करणं, असं मानणारा माणूस वाशीमकडच्या अख्ख्या मालेगावात एकच आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आमचे भाऊजी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. या तीस वर्षांत त्यांनी एकाही प्रवाशाला 'ओ' म्हटलं नाही. गाडीत पाय ठेवणारा माणूस त्यांचा काका, मामा, आत्या, नाहीतर भाचा होऊनच तिकीट घेई. एकदा वाशीमच्या गाडीत दोन माणसांनी जागेवरून एकमेकांची गचांडी धरली. भाऊजींनी एकाला मोठे भाऊ केलं, दुसऱ्याला त्यांचे साळे केलं आणि मधे टोपली घेऊन बसलेल्या बाईला दोघांची मावशी करून टाकलं. वाशीम येईपर्यंत दोघं एका पुडीतले फुटाणे खात होते. उतरताना मात्र दोघं मिळून भाऊजींशी भांडले, की साळा कोनाले इचारून केला?

असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प बसेल असं माझ्या बहिणीला वाटलं होतं. तिला आम्ही भावंडं बाई म्हणतो. पण त्याच वर्षी त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, नर्सिंग संपवून जर्मनीला जायचं ठरवलं आणि त्यासाठी ती जर्मन शिकू लागली. तिच्या शेजारी सतरंजीवर भाऊजीही वही घेऊन बसले. "पोरगी ज्या भाषेत दिवसभर बोलन, ते बापाले समजाले नको? नाई तं फोनवर काय, जेवली का आन झोपली का, येवढंच बोलाव?" असं ते म्हणत. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी जर्मन नावाची चिठ्ठी चिकटवली. माठावर चिठ्ठी, जात्यावर चिठ्ठी, देव्हाऱ्यालाही चिठ्ठी. बकरीच्या गळ्यात बांधलेली चिठ्ठी बकरीनं संध्याकाळच्या आत खाल्ली. "घर हाय का तहसील?" असं बाई रोज विचारी.

भाषा त्यांना आवडली, पण एका गोष्टीचा त्यांना फार राग आला. तिकडे काकाला, मामाला आणि आत्याच्या नवऱ्याला एकच शब्द आहे. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. "येवढा मोठा देश! मोटारी बनवते, इमानं बनवते, आन मामाले शब्द नाई? लग्नात मामानं कुठं उभं राहावं, ते कोन सांगते मंग त्याईले?"

भाची गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तिच्या दवाखान्यात एक तुर्की बाई काम करते. वयानं मोठी आहे, म्हणून सगळे तिला आब्ला म्हणतात. तुर्की भाषेत मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. भाऊजींना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "तू तं सांगत होती का ते पेशंटले एका हातानं उचलते. मंग अबला काहून?" अर्थ समजल्यावर मात्र त्यांचा जीव तिथं जडला. मोठ्या बहिणीला वेगळा शब्द ठेवणारे लोक म्हणजे घरचेच. तेव्हापासून ते तिला फोनवर नमस्कार घालू लागले.

आब्लाला एक धाकटा भाऊ आहे. आईच्या मयतीत दोघांचं भांडण झालं आणि आठ वर्षं बोलणं बंद राहिलं. तो लहानपणापासून तिकडेच वाढलेला, त्यामुळे तो तुर्की विसरून गेलेला. आता त्याला मूल होणार असं आब्लाला दुसऱ्याकडून कळलं. तिला त्याला पत्र लिहायचं होतं. दवाखान्यापुरतं जर्मन तिला येतं, पण मायेचे शब्द तिच्याजवळ सगळे तुर्कीच. तिनं भाचीची मदत मागितली आणि भाचीनं दुपारी बापाला व्हिडिओ फोन लावला. आम्ही दोघी बहिणी तूर निवडत होतो.

"बाबा, ती भावाला काय काय म्हणायची ते सांगते. माझं कोकरू. माझा सिंह. माझं यकृत, म्हणजे काळीज."

भाऊजी उभेच राहिले. "काळीज! आवो, हे तं आपलंच हाय! आपन म्हणतो ना काळजाचा तुकडा? लिही, तसंच लिही!"

"इथं काळजाचा तुकडा खाटकाकडे मिळतो, बाबा. तो घाबरेल."

"कोकरू, सिंह आन काळीज," बाई सुपातून नजर वर न काढता म्हणाली, "भावाले पत्र हाय का जत्रा?"

भाऊजींनी तासभर खटपट केली. एकदा 'लहान भाऊ' लिहायचं ठरलं, पण भाची म्हणाली चाळिशीतल्या माणसाला ते शाळेतल्या मुलासारखं लागेल. नुसतं 'भाऊ' लिहिलं तर कोर्टाच्या कागदासारखं. फोनवर भाचीच्या मागे आब्ला दिसत होती. एवढी दांडगी बाई, पण रुमालाचं टोक पिळत बसली होती.

मग भाऊजी अचानक माझ्याकडे वळले. मी त्यांच्यासमोर पदर सावरून, तोंड मिटून बसणारी. "धाकल्या बाई, तुमी सांगा. तुमी भावाले काय म्हणत होत्या?"

माझी चौथीनंतर शाळा सुटली ती भावाला सांभाळायला. माहेरी, इंझोरीत, आई आणि बाई शेतावर जात आणि तो माझ्याकडे असे. मी सुपात पाहत म्हटलं, "काईच नाई जी. हाक माराचं कामच नव्हतं. तो कडेवरच राहे."

मला वाटलं, चुकलं. पण भाऊजी फोनकडे वळून हळूच म्हणाले, "हे सांग तिले."

भाचीनं सांगितलं. आब्लानं आपल्या डाव्या कमरेवर हात ठेवला आणि भराभर बोलू लागली. भाची आम्हाला सांगत गेली, की तीही दहा वर्षांची असल्यापासून त्याला घेऊन फिरायची, की त्याच्यामुळे तिच्या झग्याची ती बाजू कधी वाळायचीच नाही. बाई एवढी हसली की तूर सांडली. भाऊजी म्हणाले, "आता मायेचा शब्द एकही घालू नको. हेच लिही, वल्या झग्यासकट."

पत्र गेलं. महिनाभर भाऊजी रोज विचारत, "आलं काय?" आणि रोज उत्तर येई, नाही. त्यांची दाढी वाढली. मग एका रविवारी भाचीचा फोन आला. आब्लाचा भाऊ बायकोला घेऊन स्वतःच तिच्या घरी आला होता, तेव्हा भाचीही तिथंच होती.

"मंग? काय म्हणला? कोनता शब्द?" भाऊजी वही उघडून बसले.

"मला काय माहीत, बाबा? ते दोघं रडायला लागले, मी दार लावून निघून आले."

"दार लावलं!" भाऊजींनी कपाळावर हात मारला. मग वही मिटून बराच वेळ फोनमधल्या लेकीकडेच बघत राहिले. तिची सुट्टी यंदाही मंजूर झालेली नाही. जेवली का, एवढंच त्यांनी विचारलं.

फोन संपल्यावर ते म्हणाले, "धाकल्या बाई, आमचे साळे अजून सुरतलेच हायेत ना?"

"हाव जी. कामावर."

"बोलता?"

"पोळ्याले. तोच फोन करते."

त्यांनी आपला फोन माझ्यासमोर सरकवला. मी म्हटलं, "म्या काय बोलू जी?"

"शब्द लागन तं मले इचारा," ते म्हणाले आणि उगीचच अंगणात निघून गेले.

बाईनं नंबर लावून दिला. बराच वेळ घंटी वाजली. मग मागे यंत्रांचा मोठा आवाज आणि त्यातून एका जाड आवाजात, "कोन?"

मी म्हटलं, "मी."

तेवढ्यावरच त्यानं ओळखलं.