शेजारी लाकडं वाळत होती

लढाईच्या वर्षांत मला पाटणच्या शाळेत मास्तरकी मिळाली. मी सांगलीकडचा, जैनाघरचा. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमचा नेम. पण तिथल्या पावसात माझी ओली लाकडं पेटता पेटत नसत. चूल फुंकता फुंकता अंधार पडे आणि मी चरफडत उपाशी झोपे. कुणाला विचारणं मला कमीपणाचं वाटे. शिकलेला माणूस ना मी!

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी घरापुढच्या सोप्यात बसून मी उद्याचा धडा मोठ्यानं वाचत होतो. अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्या इंग्रजांचा धडा होता. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे लोक भुकेनं आणि आजारानं मेले. पुढं तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मका लावायला शिकवलं, तेव्हा कुठं वसाहत तगली.

शेजारच्या सोप्यात म्हातारी तांदूळ पाखडत ऐकत होती. तिचा मुलगा पलटणीत होता. घरात ती एकटीच. सूप थांबवून ती म्हणाली, “आवं मास्तर, मरायच्या आदी का न्हाई इचारलं त्यांनी?”

“गर्व असेल,” मी तुटकपणे म्हणालो.

“व्हय,” म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली. तिच्या उघड्या दारातून चूल दिसत होती. चुलीवरच्या फळीवर, धगीला, तिनं ओली लाकडं वाळत ठेवली होती.

जूनपासून मी तिच्या शेजारी राहत होतो. “गर्व असेल” हे मी तिच्याशी बोललेले पहिले शब्द.