जाडा आवाज
सुनेनं नातवाच्या दुखऱ्या कानासाठी आज तेलात लसूण तापवला, आणि त्या वासानं मला आमचं परतूरचं स्वयंपाकघर आठवलं. एकाहत्तरच्या लढाईतून हे घरी आले, तेव्हा सासूबाई असंच तेल घेऊन पुढं झाल्या होत्या. यांनी हात आडवा धरला. तोफगोळा जवळ फुटला होता. अंगावर साधा ओरखडा नव्हता, पण हवेच्या तडाख्यानं दोन्ही कानांचे पडदे फाटले होते, आणि कानात थेंबही घालायचा नाही असं फौजेच्या डॉक्टरनं बजावलं होतं. हे जेवायला बसले. तव्यावरची गरम भाकरी घेऊन मी विचारलं, “अहो, वाढू का?” पुन्हा विचारलं. मान वर झाली नाही. चुलीपुढून माझ्या थोरल्या जाऊबाई त्यांच्या पुरुषी आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, भाकर घ्या ना.” यांनी लगेच हसून ताट पुढं केलं. “द्या, वहिनी.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाट मी पाहिली होती. जेवण झाल्यावर यांनीच सांगितलं, “तुझे ओठ हलून राह्यले ते दिसतंय, पण बारीक आवाज येतच न्हाई. जाडा बराबर येतो.” कारण कळलं आणि मी जास्तच जळले, यांचा रुसवा असता तर निघाला तरी असता. विहिरीवर एकटी असले की मी घसा दाबून जाड आवाजात “अहो” म्हणून बघायची. आता वयानं माझा आवाज आपोआप घोगरा झालाय. जाऊबाईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मघाशी मी यांना मागून हाक मारली, तर पहिल्याच हाकेला ओ आली. पाठमोरेच म्हणाले, “काय, वहिनी?”