लाल फडक्याचं क्रेट

आधी चहा संपवा, मग सांगतो. घोट तोंडात असला तर अंगावर उडेल, अन् मला बोल लावाल! अशी फजिती माझी सत्तर वर्षांत झाली नव्हती.

आमचं गाव वरूडजवळ. घरची संत्र्याची झाडं. दरवर्षी निवडक संत्र्यांचं एक क्रेट अकोल्याला लेकीच्या सासरी जातं. त्या क्रेटला मी लाल फडकं बांधतो. टेम्पोवाला गजानन विचारतही नाही. लाल फडकं दिसलं की उचलतो अन् अकोल्याला पोचवतो.

यंदा काय झालं, आमच्या गोठ्यातली मांजर ट्रॅक्टरखाली गेली. गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या ढिगात तिची तीन पिल्लं सापडली. डोळे मिटलेले, उंदराएवढी! थंडीचे दिवस. मी क्रेटमध्ये तणस घातलं, पिल्लं ठेवली. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून तीन दिवस पाजलं. दर दोन तासांनी, बरं का! स्वतःच्या लेकरांना एवढं पाजलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे गार वारं सुटलं. पांघरायला काय घालावं? शेजारच्या संत्र्यांच्या क्रेटचं लाल फडकं दिसलं. मऊ होतं. सोडलं अन् पिल्लांच्या क्रेटवर बांधलं. हवेला थोडी फट ठेवली. मग बगिच्यात पाणी द्यायला गेलो.

आता आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं!

दुपारी विहीणबाईंचा फोन. बाई मोठ्या कडक. त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता.

"भाऊ, क्रेट भेटलं. पन हे काय पाठोलं तुमी?"

"घरचेच हायेत," मी म्हणालो.

"इतके बारके?"

"यंदा बारकेच भरले. पन गोड हायेत."

"अवो, याईचं मी करू काय?"

मी सावकाश बोलणारा माणूस. एकेक शब्द तोलून सांगितलं, "सोला. पूजेले आलेल्या बायाईच्या हातावर एक-एक ठेवा. उरले त रस काढा."

तिकडे काहीतरी धाडकन पडलं. मग लेकीचा आवाज आला. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"बाबा! डोकं ठिकानावर हाये ना? मांजराचे पिल्लं हायेत हे! अन् आत्याबाई खुर्चीत बसल्या डोक्याले हात लावून!"

माझ्या हातातलं फावडंच गळालं. पिल्लं पहाटेपासून उपाशी होती ना! मी जन्मात बोललो नव्हतो एवढ्या वेगानं बोललो, "वात! कापसाची वात! शेळीचं दूध पाज, कोमट! लवकर कर माय!"

"बाबा, एक हालून नाही राहिलं."

झालं! बंडीच्या खिशात दुधाची बाटली घातली अन् एसटी गाठली. अमरावतीला गाडी बदलली. वाटभर बाटली छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू बिमार हाये काय?" मी मान हलवली.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घरात पाय टाकायची हिंमत होईना. आत डोकावलो, तर काय! पूजेच्या बाया गोल करून बसलेल्या, मधे विहीणबाई. मांडीवर पिल्लं, हातात वात.

"या भाऊ! पूजेच्या साऱ्या वाती सरल्या तुमच्या मालापाई!"

"तिन्ही हायेत?" मी दारातूनच विचारलं.

"हायेत. हा एक लय उशिरा हालला. आवाजबी काढत नाही. सारं सावकाश. मनून त्याले तुमचंच नाव ठेवलं, भाऊ!"

साऱ्या बाया खदखदून हसल्या. मी पण हसलो. डोळे पुसत पुसत.

पिल्लं परत द्यायला विहीणबाई तयार नाहीत. मागच्या महिन्यात मी खरी संत्री घेऊन गेलो. दोनदा उघडून पाहिली होती! दारात चपला काढतच होतो, तर आतून गर्जना आली, "भाऊ! पुन्हा पाहुण्याच्या चपलेत मुतला काय रे?"

अन् मी? मी घाबरून म्हणालो, "नाही हो विहीणबाई! मी आत्ताच आलो!"