तळाची पिशवी

प्रिय ईशा आणि चिन्मय, तुम्ही टोरांटोहून पाठवलेलं पार्सल पोचलं. निळ्या रंगाचे, वर जाळीची खिडकी असलेले, हातात घेतले तर वजनच लागू नये असे ते पाऊच मी पलंगावर मांडून पाहिले. ईशानं चिठ्ठीत लिहिलंय, ‘आजी, यात कपडे नीट लावून भर आणि लवकर ये.’ फोनवर मी नुसतं ‘छान आहेत’ म्हटलं आणि तुमच्या परीक्षांचं विचारत बसले. आजीला आवडले नाहीत, असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नाही रे. असे पाऊच माझ्याकडे कितीतरी वर्षं आहेत, काळ्या छत्रीच्या कापडाचे. ते जिनं शिवले ती माझी मैत्रीण मार्था गेल्या महिन्यात गेली. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत. तिच्या वाडीतली केळी खाऊन चिन्मयचं पोट बिघडलं होतं, आणि तीच चिन्मयला ‘केळ्याचा राजा’ म्हणून वर चिडवत होती. तिच्याबद्दल फोनवर बोलायला गेले की माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून लिहिते आहे. हे इथल्या पुरवणीत छापून येईल तेव्हा कात्रण पाठवीन. वाचताना अडलं तर बाबांना विचारा.

त्या सकाळी मी इस्त्री करत होते. फोन वाजला. पलीकडे जेसी, मार्थाची सून. ‘टीचर, मम्मी गेली,’ एवढं बोलून ती रडायलाच लागली. ‘रात्री जेवून झोपली, सकाळी उठवायला गेले तर...’ मी इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीला टेकले. तेवढ्यात जेसीनं नाक ओढलं आणि एकदम विचारलं, ‘टीचर, मम्मीची काळी पिशवी तुमच्याकडं आहे का हो? लुगड्याची? तिच्या कपाटात आहे ती उघडली, तर आत तुमच्या साड्या. संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा आहे, बायका आंघोळ घालायला आल्यात. चुलतसासू म्हणतायत, लग्नातली सिल्कची साडी नेसवा.’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘घेऊन निघाले. मी येईपर्यंत तिला दुसरं काही नेसवू देऊ नकोस.’

ही पिशवी कसली, आणि तिची पिशवी माझ्या कपाटात कशी, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

मार्था आणि मी एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवत असे, ती शिवण. आम्ही गिरगावातून तुळिंजला फ्लॅट घेऊन आलो, तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या पिशवीतली पेनं, रुमाल, डबा, सगळं वेगवेगळ्या कप्प्यांत पाहून ती म्हणाली, ‘बाय, तुझ्या पिशवीला शाळेसारखी घंटा बांध. प्रत्येक तासाला एक कप्पा.’ मला तिचा राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातला अर्धा पाव माझ्यापुढे सरकवला आणि राग तिथंच संपला. ती गासची. पश्चिमेला, केळीच्या आणि पानवेलींच्या वाडीत तिचं कौलारू घर. माझ्या घरापासून तसं लांब नाही, पण रेल्वेचा पूल ओलांडला की झाडांची सावली, हवा आणि बोली, तिन्ही बदलतात. घरी ती त्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. दोन्हीकडे चेष्टा तेवढीच.

पावसाळ्यात मुलं शाळेत छत्र्या विसरून जात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, की शिपाई काड्या भंगारात द्यायचा आणि कापड मार्था ठेवून घ्यायची. छत्रीचं कापड तिकोनी तुकड्यांचं असतं. ती एक तुकडा सुलटा, एक उलटा असे जोडत सरळ पट्टी करायची आणि त्या पट्टीची पिशवी शिवायची. तोंडाला परकराची नाडी. तुमचे आजोबा गेल्यावर पहिल्या मेच्या सुट्टीत तिनं मला बळेच माथेरानला नेलं, तेव्हा अशा पिशव्या माझ्यासाठीही शिवून आणल्या होत्या. ‘बॅगेत बॅग कशाला?’ मी विचारलं. ‘म्हणजे एक साडी काढताना सगळं घर उपसावं लागत नाही. तुला तर आवडायला पाहिजे, कप्पेवाली!’ आवडल्याच. एका पिशवीत साड्या, एकीत पोलकी-परकर, एकीत टॉवेल आणि साबणाची डबी. वजन जवळजवळ नाही, ओल लागत नाही, आणि हॉटेलच्या खोलीत पोचलं की पिशव्या तशाच फळीवर ठेवायच्या, झालं घर.

त्यानंतर आम्ही दरवर्षी कुठे ना कुठे गेलो आणि दरवर्षी तेच भांडण केलं. मी साड्यांना खळ घालून, इस्त्री करून घड्या घालायची. ती कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या करायची. ‘घडी घातलीस की रेघ पडते, सुधा. गुंडाळलं की पडत नाही.’ ‘गुंडाळलेलं कापड म्हणजे पोळपाटावरचा उंडा,’ मी म्हणायची. ‘मग खा ना उंडा, जागा तरी वाचेल.’ प्रवासात शेजारी बसलेली माणसं आम्हाला बहिणी समजत. आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

एक सवय मात्र दोघींची सारखी होती. बॅगेच्या तळाशी प्रत्येकीची एक पिशवी असे, जी आम्ही प्रवासात कधी उघडत नसू. माझ्या पिशवीत अडीअडचणीला म्हणून दोन सुती साड्या असत. तिच्या पिशवीत काय असतं, ते मी कधी विचारलं नाही. ते मला कळलं विमानतळावर. म्हैसूरला जायला आम्ही पहिल्यांदाच बंगलोरच्या विमानाची स्वस्त तिकिटं काढली होती आणि दोघी नव्या नवरीसारख्या घाबरलेल्या. तपासणीला उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुलीनं मार्थाची बॅग उघडायला लावली. सगळ्यात खालच्या पिशवीची नाडी सोडली, तर आत लाल चौकड्यांचं जुनं लुगडं, चोळी, पांढरे मोजे आणि जपमाळ. ‘आंटीजी, ये क्या है?’ मार्थानं हसत सांगितलं, ‘मरने के टाइम पे पहनने का है, बेटी.’ त्या मुलीनं सगळं परत आत ठेवलं, नाडी स्वतःच्या हातानं बांधली आणि पिशवी दोन्ही हातांनी परत दिली.

विमानात बसल्यावर मी म्हटलं, ‘काय हे, मार्था!’

‘त्यात काय? तू नाही का ठेवत अडीअडचणीला साड्या? ही पण अडचणच.’ मग खिडकीबाहेर बघत तिनं सांगितलं. तिची आई मुंबईच्या हॉस्पिटलात गेली होती. घाई झाली, लुगडं गासला पेटीत राहिलं, आणि मावशीची कुठलीशी साडी नेसवून आईला पुरलं. ‘जन्मभर लुगडं नेसलेली बाई, आणि शेवटी उसन्या साडीत गेली. हे तिचंच लुगडं. शाळेच्या नोकरीत मी साड्याच नेसले. पण जाताना आईचं नेसून जाणार. तिथं तिनं मला ओळखायला नको?’

‘आणि मोजे कशाला?’

‘माझे पाय गार पडतात, तुला माहीत आहे की!’

त्यानंतर प्रत्येक प्रवासात बॅग भरताना मी विचारायची, ‘तुझी खालची घेतलीस ना?’ आणि ती म्हणायची, ‘घेतली. तुझी?’

शेवटी आम्ही वेरूळला गेलो. मार्थाचा खांदा दुखत होता, म्हणून दोघींत मिळून चाकांची एकच बॅग घेतली. परत आल्यावर स्टेशनबाहेर रिक्षाच्या सीटवर बॅग उघडून पिशव्या वाटून घेतल्या, हाताला लागतील तशा. वरच्या पिशव्या ओळखीच्या होत्या. तळाच्या दोन्ही मात्र सारख्याच, दोन्ही न उघडलेल्या, आणि त्यांचीच अदलाबदल झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘सुधा, तुझ्या साड्या माझ्याकडं आल्यात. काय ती खळ, पत्रा आहे नुसता! मी घड्या मोडल्या बरं का.’ मी म्हटलं, ‘आणि तुझी ती... ती माझ्याकडे आहे. उद्या आणून देऊ?’ ‘एवढ्यासाठी पूल कशाला चढतेस? पुढच्या ट्रिपला आण. पिशवी तुझ्याकडं आहे, तिच्याशिवाय मी जाणार कुठं?’

...आणि गेली.

तर त्या सकाळी मी कपाटाच्या तळातून पिशवी काढली आणि निघाले. स्टेशनचा पूल चढताना ती छातीशी धरली होती. इतकी हलकी, की मध्येच थांबून आत हात घालून पाहिलं, लुगडं आहे ना. रिक्षात बसले आणि दर वळणावर वाटू लागलं की चुलतसासूबाईंनी एव्हाना सिल्कची साडी नेसवली असेल. आईचं झालं तेच मुलीचं होणार, आणि लुगडं पुन्हा मागेच राहणार.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पुरुष हळू आवाजात बोलत होते. जेसी दारातच उभी होती. ‘कुणाला हात लावू दिला नाही, टीचर,’ ती म्हणाली. आत चुलतसासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवी घेतली, नाडी सोडली आणि गुंडाळी उलगडली. इतकी वर्षं त्या पिशवीत पडून असलेलं, आमच्यासोबत गावोगाव फिरलेलं लुगडं, आणि त्यावर एक रेघ नव्हती. मी तिथेच मनात म्हटलं, जिंकलीस बाई. ‘रोझाचं लुगडं हे,’ चुलतसासूबाई म्हणाल्या. रोझा म्हणजे मार्थाची आई. मग सिल्कच्या साडीचं कुणी नाव काढलं नाही. जुन्या बायकांनी तिला लुगडं नेसवलं, चोळी घातली, बोटांत जपमाळ गुंफली. मोजे मी घातले. पाय खरंच गार होते.

संध्याकाळी मातीनंतर जेसीनं माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि मार्थाची रिकामी पिशवीही. ‘ही पण तुम्हीच ठेवा, टीचर. आमच्या घरात आता कोण कुठं जातंय?’ पूल उतरताना सवयीनं मी मागे वळून पाहिलं, ती दम खायला थांबली असेल म्हणून.

तेव्हापासून संध्याकाळी फोन वाजत नाही. रविवारी तुमचा येतो तेवढाच. मे महिना जवळ आला आहे आणि कुठे जायचं हे मला कुणी विचारलेलं नाही. तुमच्या निळ्या पाऊचमध्ये मी कपडे भरून पाहिले. छान मावतात. मी येईन, ईशा. लगेच नाही, पण येईन. बॅग भरून झाल्यावर मी उगीचच मोठ्यानं म्हणाले, ‘तुझी खालची घेतलीस ना?’ खोलीत कुणी नव्हतं. मी पुन्हा बॅग उपसली आणि तळाशी माझी ती काळी पिशवी ठेवली.

लुगडं मातीत गेलं. तिची पिशवी रिकामी आहे, ती घडी घालून कपाटात ठेवली आहे. माझ्या पिशवीत माझ्या दोन सुती साड्या आहेत, मार्थानं घड्या मोडून गुंडाळलेल्या. त्या मी अजून उलगडलेल्या नाहीत.