आबांची काचपेटी

अर्धांगवायूनं माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, उजवी बाजू आणि वाचा एकाच सकाळी गेली. भुसावळच्या रेल्वे यार्डात घसा फोडून ओरडण्यात उभा जन्म काढलेला माणूस, आता जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत छताकडे बघत पडून राहायचा. मी शाळेतून आले की त्यांचे डोळे माझ्याकडे वळत. त्यांना काय हवंय ते मला कळायचं नाही, आणि कळलं नाही की मी चिडायची. वर्गात माझा मास्तरणीचा धाक होता. तोच मी घरीही चालवत असे.

डॉक्टर म्हणाले, "नजरेला काहीतरी हलतं द्या." मी मासे ठरवले.

काचवाल्यानं गोल भांडं पुढे केलं. "सगळे हेच नेतात, बाई." पण मी आधीच आबांच्या उशीवर डोकं टेकवून पाहून आले होते. आडव्या माणसाला दिसायचं तर पेटी लांब आणि बसकी हवी. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून त्यानं ती करून दिली, आणि खाटेला लागून स्टुलांवर ठेवली.

पहिले लाल मासे चार दिवसांत गेले. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड, की त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. माझा धाकटा भाऊ रेल्वेत गार्ड. त्यानं मुंबईच्या एका मासेवाल्याला विचारलं आणि दुधाच्या किटलीतून पाच आफ्रिकी मासे आणले. त्यांना म्हणे जडच पाणी मानवतं. "आणि दोनच नाही ठेवायचे, अक्का. भांडकुदळ जात आहे. जास्त असले की मार वाटला जातो." लपायला म्हणून त्यानं गिरणा नदीतले काळे दगडही आणून रचले.

एक निळा, बाकीच्या पिवळ्या. निळा दिवसभर सगळ्यांवर धावून जायचा. ते बघताना आबांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. कित्येक महिन्यांनी! मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात मी कोणालाच रागावले नाही.

मग एका पिवळीनं खाणं सोडलं. हनुवटीखाली तिचा गळा फुगला. त्याच सुमारास आबांनी नवं खूळ काढलं. डावा हात काचेवर आपटायचा, मग पाची बोटं जुळवून तोंडाशी न्यायची. पुन्हा काच, पुन्हा तोंड.

दिवसा त्यांच्यापाशी बसायला एरंडोलकडची एक मावशी यायची. ती म्हणाली, "आबाले भूक लागेल शे, ताई. सकायपासून तोंड दखाडी राह्यनात."

आम्ही शिरा केला, खिमटी केली. आबा तोंड फिरवत. डोळ्यांतून पाणी येई. एकदा मी चमचा आदळलाच. "भरवलं तर खात नाही, आणि तोंड दाखवणं काही थांबत नाही! करू तरी काय मी?"

रविवारी मी पिवळीकडे लक्ष दिलं. गळा सुजला की आमच्याकडे हळद-मीठ. चहाच्या गाळणीनं तिला पकडलं आणि पाण्यात मीठ-हळद कालवून घमेल्यात सोडलं. आबांनी डाव्या हातानं खाटेची पट्टी बडवायला सुरुवात केली. घशातून कसलासा आवाज काढत होते. "पुरे!" मी ओरडले.

पिवळीनं दोन-तीनदा तोंड उघडलं आणि करड्या ठिपक्यांसारखं बरंच काही ओकलं. अळ्या! रोग बाहेर पडला म्हणून मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर जरा अभिमानही वाटला. तिला पेटीत परत टाकलं. आमच्या गल्लीत वापरलेलं पाणी कोणी फुकट घालवत नसे. मी घमेलं उचललं आणि मागच्या दारी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं.

आत आले तोवर आबांचं बडवणं थांबलं होतं.

चार दिवसांनी भाऊ आला. चहा घेताना सहज म्हणाला, "अगं, मासेवाला सांगत होता, यांच्या माद्या पिलं तोंडात वाढवतात. तीनेक आठवडे काही खात नाहीत. गेल्या वेळी सांगायचं राहिलंच."

मागच्या दारी ओतलेलं घमेलं मला आठवलं. मी आबांकडे पाहिलं. दिवसभर पेटीकडे बघणारा घरात तो एकच माणूस. तिनं अंडी तोंडात उचललेली त्यांनी पाहिली असणार. दुपारी पिलं बाहेर यायची, निळा आला की परत आईच्या तोंडात शिरायची, तेही पाहिलं असणार. ते आम्हाला रोज सांगत होते. आणि आम्ही त्यांना शिरा भरवत होतो.

"आबा, तुम्ही हेच सांगत होतात ना?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचा डावा हात धरून खूप रडले. तो हात माझ्या हातात नुसता पडून होता.

त्यानंतर आबांनी तोंडाकडे हात कधी नेला नाही. भूक लागली तरीही नाही. आम्ही घड्याळ बघून त्यांना भरवू लागलो.