फोटोपुरतं पुस्तक

अपमान झाला हिनाचा. माझी धाकटी बहीण, तेव्हा साडेपाच वर्षांची. गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, धायरीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. अम्मी तिथे साफसफाई करते. करायची.

तिथे काचेचं कपाट, आत मुलांची पुस्तकं. दर शनिवारी अम्मीच ती पुसायची. घरी न्यायची परवानगी नव्हती. उपक्रमाचं नाव मात्र 'घरोघरी वाचन'. आमच्या घरात पुस्तक नाही. हिनाला मी वाचायला शिकवलं ते भज्यांच्या कागदावर, लाइट बिलावर. रोज, मांडीवर घेऊन, भात शिजेपर्यंत.

त्या दिवशी आम्हाला फोटोसाठी बोलावलं होतं. कमिटीच्या मॅडमनी आधी हिनाच्या हातांवर सॅनिटायझर ओतलं, मग पुस्तक दिलं. विहिरीत पडलेल्या कासवाची गोष्ट. समोर मोबाईल धरला. हिनाला वाटलं, वाचायचंय. तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं. "का-सव... वर... ब-घत..."

"अय्या, तुमच्यात मराठी वाचतात?" मॅडम म्हणाल्या. मागे कोणीतरी हसलं.

मग म्हणाल्या, "झालं गं, आला फोटो. सोड आता. पुस्तकांचा सेट मोडतो उगाच."

वाक्याच्या मधोमध पुस्तक ओढलं. हिनाचं बोट तसंच हवेत. मॅडमनी कव्हर रुमालाने पुसलं. आमच्यासमोर.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अम्मीने चिमटा काढला. "चुप रह. काम जाएगा."

मी गप्प राहिले. ती लाज माझी.

आठवडाभर हिना विचारत होती, "बाजी, कासव बाहेर आलं?" मला तरी कुठे माहीत. मग अम्मीच्या मोबाईलवर तो फोटो आला. खाली लिहिलेलं, 'वाचनाचा आनंद प्रत्येक घरी.' हिनाने अडखळत वाचलं. मग घरभर बघितलं. "आपल्या घरी कुठंय?"

त्या प्रश्नानंतर ठरवलं, पुन्हा गप्प बसायचं नाही.

यंदा पुन्हा बोलावलं. तेच पुस्तक, त्याच मॅडम. फोटो निघाला, हात पुढे आला. मी मध्ये उभी राहिले. "गोष्ट संपेपर्यंत हात लावायचा नाही."

"कोणाशी बोलतेयस, कळतंय का?" मॅडम म्हणाल्या.

"कळतंय. हिना, वाच."

तिने वाचलं. बारा पानं, एकेका शब्दावर बोट ठेवून. सगळे ताटकळले, सामोसे गार झाले. कासव बाहेर आलं.

सोमवारी अम्मीला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात डाळ पातळ झाली. तरी मी मॅडमची माफी मागितली नाही. मागणार नाही. आता वस्तीतली आठ-दहा पोरं रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर बसतात. भज्यांचे कागद घेऊन.

तुमच्या सोसायटीतही असं कपाट असेल. किल्ली कोणाकडे असते, ते तुम्हाला माहीत आहे. आज उघडा. जी बाई ती पुस्तकं पुसते, तिच्या हातात द्या, घरी न्यायला.

फोटो काढू नका.